सर्व्हरची हार्ड डिस्क मंदावली तर: खरं कारण कसं शोधायचं, पायरीपायरीने

"सर, सर्व्हर परत स्लो झालाय. पासबुकात एंट्री मारायला घेतली की दोन-दोन मिनिटं नुसतं गोल फिरतंय. काउंटरवर माणसं खोळंबलीत."

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून सोमवारी दुपारी आलेला हा फोन. मला फोन येईपर्यंत सर्व्हर दोनदा रीस्टार्ट झाला होता. कुणी रॅम वाढवा म्हणत होतं, कुणी सरळ नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवा म्हणत होतं. मशीन साधंच होतं: लिनक्स, ७२०० आरपीएमच्या ४ टीबीच्या दोन सॅटा डिस्क, दोन्ही मिळून सॉफ्टवेअर रेड १ (म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवणारी जोडी), आणि वर पोस्टग्रेसचा डेटाबेस. गावोगावच्या पतसंस्था, शाळा, दवाखाने, लहान कारखाने यांच्याकडे आजही असेच सर्व्हर चालतात. म्हणून याच उदाहरणाच्या आधाराने सगळी पद्धत लिहितो आहे.

बँकेच्या खिडकीपुढे रांग लांबली, तर एक तर माणसं जास्त आली आहेत, नाहीतर खिडकीमागचा कर्मचारी हळू काम करतो आहे. हार्ड डिस्कचंही तसंच. डिस्कवर ओझं जास्त झालं आहे, की डिस्क स्वतःच आजारी आहे? या एका प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका. दोन्ही आजारांची बाहेरून दिसणारी लक्षणं अगदी सारखी असतात, औषधं मात्र वेगळी. ओझ्याच्या आजारात नवीन डिस्क बसवून उपयोग नाही, आणि मरणाऱ्या डिस्कवर सेटिंग बदलत बसलात तर डेटा जाईल.

आधी बॅकअप

निदानाच्या आधी बॅकअप. फार घाईत असाल तरी आधी बॅकअप. तोही त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नको, वेगळ्या मशीनवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. डेटाबेस असेल तर त्याचा डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलमध्ये उतरवलेली प्रत, घ्या आणि डंपची फाइल पूर्ण झाली आहे ना, ते उघडून बघा. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, तर तिच्याकडून मिळणारे वाचनाचे तास मोजकेच असतात. ते चाचण्यांवर खर्च करू नका, डेटा काढून घेण्यासाठी वापरा.

याच कारणासाठी संशयित डिस्कवर फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी एफएससीके किंवा खराब जागा शोधणारी बॅडब्लॉक्सची आज्ञा आधी चालवू नये. दोन्ही आज्ञा डिस्कला भरपूर राबवतात. डिस्क वाचतानाच अडखळत असेल, तर डीडीरेस्क्यू वापरून आधी तिची प्रत काढावी. हे साधन चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

डिस्ककडून किती अपेक्षा ठेवायची

मोजायला बसण्याआधी एक हिशेब डोक्यात पक्का हवा. ७२०० आरपीएमची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. शिवाय हेडला योग्य मार्गावर सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. बेरीज झाली १२-१३ मिलिसेकंद. याचा अर्थ, इकडेतिकडे विखुरलेल्या जागांचं वाचन असेल तर अशी डिस्क सेकंदाला ७५-८० कामंच करू शकते.

आता ४ केबीच्या तुकड्यांनी वाचलं तर ८० गुणिले ४ म्हणजे सेकंदाला ३२० केबी. तीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १५० ते २०० एमबी सहज देते. एकच डिस्क, दोन कामं आणि वेगात पाचशे पटींचा फरक. "व्हिडिओची फाइल तर झटकन कॉपी होते, मग डेटाबेस का रखडतो?" असं लोक विचारतात, त्याचं उत्तर या आकड्यांतच आहे. १५००० आरपीएमची डिस्कसुद्धा दोनशेच्या आसपासच थांबते.

दोष खरंच डिस्कचाच आहे का?

सर्व्हर मंद वाटला की पहिला आळ डिस्कवर येतो, पण दर वेळी तो खरा नसतो. व्हीएमस्टॅट ही आज्ञा ५ सेकंदांच्या अंतराने चालवा आणि तीन ठिकाणी बघा. "बी" हा स्तंभ डिस्कसारख्या एखाद्या गोष्टीची वाट बघत अडकलेल्या प्रक्रियांची संख्या सांगतो. "डब्ल्यूए" म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत रिकामा बसलेला सीपीयूचा वेळ. "एसआय" आणि "एसओ" म्हणजे स्वॅपमधून आत-बाहेर होणारी वाहतूक.

या शेवटच्या दोन स्तंभांत सतत आकडे हलत असतील, तर तुमचा आजार रॅमचा आहे. मेमरी अपुरी पडल्यामुळे लिनक्स डिस्कचा मेमरीसारखा वापर करतो आहे आणि डिस्क बिचारी मधल्यामध्ये भरडली जाते आहे. तिथे डिस्क बदलून काहीही होणार नाही.

लोड अॅव्हरेजबद्दलही बराच गैरसमज आहे. लिनक्समध्ये सर्व्हरवरचं सरासरी ओझं दाखवणारा हा आकडा फक्त सीपीयूचा नसतो. डिस्कसाठी अडकून पडलेल्या, "डी" अवस्थेतल्या प्रक्रियाही त्यात मोजल्या जातात आणि १९९३पासून असंच चालत आलं आहे. म्हणून लोड ४० दाखवतो आणि सीपीयू ९० टक्के मोकळा, असं चित्र दिसलं की गोंधळून जाऊ नका. ते डिस्ककडेच बोट दाखवणारं चित्र आहे.

कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० किंवा नंतरचा असेल तर आणखी सोपी खूण मिळते. /प्रोक/प्रेशर/आयओ ही फाइल वाचा. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कामं डिस्कमुळे अडली, ते तिथे थेट लिहिलेलं असतं. लिनक्सच्या काही वितरणांत (तयार रूपांत) ही सोय बूटच्या वेळी चालू करावी लागते.

पतसंस्थेच्या मशीनवर स्वॅप शांत होता, सीपीयू बहुतेक मोकळा होता आणि "बी" स्तंभात १० ते १५ प्रक्रिया अडकलेल्या. तेव्हा डिस्ककडे वळलो.

आयओस्टॅट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सिसस्टॅट नावाचं पॅकेज बसवलं की आयओस्टॅट मिळतं. ते विस्तारित माहितीच्या डॅश एक्स पर्यायाने, ५ सेकंदांच्या अंतराने चालवा आणि पहिला तक्ता सोडून द्या. पहिल्या तक्त्यात मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताची स्थिती नसते. या एका गोष्टीमुळे मी लोकांना तासन्‌तास चुकीच्या दिशेने जाताना पाहिलं आहे.

दुसऱ्या तक्त्यापासून पुढे प्रत्येक डिस्कसाठी चार गोष्टी वाचा. सेकंदाला किती वाचनं आणि किती लेखनं झाली. एका विनंतीचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, म्हणजे वाचनाचा आणि लेखनाचा वेगवेगळा अवेट. रांग सरासरी किती लांब होती. आणि शेवटचा, डिस्क किती टक्के वेळ कामात होती तो आकडा.

आता खिडकीची गोष्ट लावून बघू. एका डिस्कवर सेकंदाला ९० कामं चालू आहेत, रांगेत ३० विनंत्या आहेत आणि अवेट ३०० मिलिसेकंद आहे. ही डिस्क तिच्या ताकदीपेक्षाही थोडं जास्तच काम करते आहे. कर्मचारी चलाख आहे, गर्दी जास्त आहे. दुसऱ्या डिस्कवर सेकंदाला जेमतेम १५ कामं होताहेत, रांग छोटी आहे आणि तरीही अवेट २०० मिलिसेकंद. इथे खिडकीमागेच काहीतरी बिघडलं आहे. ओझं कमी असूनही उत्तराला उशीर, हे आजारी डिस्कचं लक्षण.

शेवटच्या टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका. एका साध्या हार्ड डिस्कसाठी ती बऱ्यापैकी खरं बोलते. पण एसएसडी किंवा रेड कंट्रोलरमागच्या अनेक डिस्क एका वेळी बरीच कामं समांतर करतात, त्यामुळे तिथे १०० टक्के दिसलं तरी अजून जागा शिल्लक असू शकते. निर्णय अवेट आणि कामांची संख्या यांच्या जोडीवर घ्या.

रेड असेल तर मुख्य कामाची गोष्ट ही, की रेडचा एकत्रित आकडा बघून थांबू नका. आतल्या प्रत्येक डिस्कची ओळ शेजारीशेजारी ठेवून बघा. पतसंस्थेत उत्तर इथेच सापडलं. दोन्ही डिस्कवर लेखनाचं ओझं सारखंच होतं, कारण रेड १मध्ये प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे लिहिली जाते. पण पहिल्या डिस्कचा अवेट १२ मिलिसेकंद होता आणि दुसरीचा १८०च्या पुढे, मध्येच काही हजारांवर उडी मारणारा. लेखन दोन्हीकडे पूर्ण झाल्याशिवाय रेड "झालं" असं म्हणत नाही. त्यामुळे सगळी पतसंस्था त्या एका दुबळ्या डिस्कच्या चालीने चालत होती.

विंडोज सर्व्हर असेल तर हीच तपासणी परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये करता येते. प्रत्येक वाचनाला आणि लेखनाला लागणारा सरासरी वेळ दाखवणारे काउंटर लावा. ते आकडे सेकंदांत असतात, म्हणजे ०.०१२ म्हणजे १२ मिलिसेकंद. कोणता प्रोग्रॅम डिस्क वापरतो आहे, ते रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये दिसतं.

ओझं जास्त असेल तर: कोण राबवतंय?

आयओटॉप किंवा पिडस्टॅट डॅश डी चालवा, प्रक्रियांची नावं समोर येतील. आयओटॉपमध्ये काही मिनिटांची बेरीज दाखवणारा पर्याय वापरा, क्षणाक्षणाचे आकडे फसवतात. कर्नल ५.१४पासून यातल्या वाट बघण्याच्या वेळेची मोजणी मुळातच बंद असते. तो स्तंभ रिकामा दिसला तर कर्नलची टास्क-डिलेअॅक्ट ही सेटिंग १ करा.

गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचेच निघतात. पहिला, चुकीच्या वेळी चालणारा बॅकअप. १० लाख लहान फाइल असलेल्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा तर प्रत्येक फाइलसाठी हेडला निदान एकदा तरी हलावं लागतं असं धरा. सेकंदाला ८०च्या हिशेबाने साडेबारा हजार सेकंद, म्हणजे जवळपास साडेतीन तास. रात्री १० वाजता सुरू केलेला बॅकअप वर्षभर ठीक चालतो, फाइल वाढत जातात आणि एके दिवशी तो सकाळच्या कामात घुसतो. असं वेळापत्रक दर सहा महिन्यांनी तपासायला हवं. आयओनाइस लावून बॅकअपला मागच्या रांगेत उभं करता येतं, पण डिस्कच्या विनंत्यांचा क्रम ठरवणारा बीएफक्यू शेड्युलर असेल तरच त्यावर भरवसा ठेवा.

दुसरा, रेडची तपासणी. डेबियनमध्ये आणि त्यावर आधारित वितरणांत महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सॉफ्टवेअर रेडची पडताळणी आपोआप सुरू व्हायची सोय असते. डिस्क मोठी असेल तर ती सोमवारपर्यंत रेंगाळू शकते. /प्रोक/एमडीस्टॅट उघडलं की चालू असलेली तपासणी किंवा रिबिल्ड (डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याचं काम) लगेच दिसतो. तपासणी कायमची बंद करू नका, ती फार मोलाची आहे. कामाच्या वेळेत तिच्या वेगाची कमाल मर्यादा खाली आणा, एवढंच.

तिसरा, डेटाबेस, आणि इथे मी आग्रहाने सांगेन की नवीन डिस्क घेण्याआधी दोन सेटिंग बघा. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल आणि पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स, दोन्हींची मूळ किंमत १२८ एमबी असते. ३२ जीबी रॅमच्या सर्व्हरवर डेटाबेस १२८ एमबीत गुदमरतो आहे आणि प्रत्येक प्रश्नासाठी डिस्ककडे धावतो आहे, असे सर्व्हर मी कितीतरी पाहिले. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मशीनवर इनोडीबीला निम्म्याहून जास्त रॅम देतात. पोस्टग्रेसला साधारण २५ टक्के, कारण बाकीचं काम तो लिनक्सच्या कॅशवर सोपवतो. जोडीला संथ क्वेरींची नोंद चालू करून बघा. एखाद्या मोठ्या टेबलवर इंडेक्स नसेल, तर एका खात्याची माहिती काढायला अख्खं टेबल वाचलं जातं.

डेटाबेसचं लेखन वेगळ्या कारणानेही रखडतं. प्रत्येक व्यवहार पक्का करताना डेटाबेस डिस्कला "खरोखर तबकडीवर लिहिलं का?" असं विचारतो आणि हो म्हणेपर्यंत थांबतो. त्यासाठी तबकडीची एक फेरी तरी जातेच, म्हणून एकामागून एक केलेले व्यवहार सेकंदाला १२०च्या वर जात नाहीत. ही मर्यादा उडवण्यासाठी पैशांच्या व्यवहारात ती हमीच बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वीज गेली की शेवटचे व्यवहार गायब होतील. अनेक नोंदी एका व्यवहारात गोळा करणं किंवा डेटाबेस एसएसडीवर नेणं, हे सरळ मार्ग.

चौथा प्रकार जरा आडवळणाचा. सर्व्हर एरवी चांगला चालतो आणि मध्येच मिनिट-दोन मिनिटं गोठतो. लिनक्स लेखन आधी रॅममध्ये साठवतो आणि नंतर डिस्कवर उतरवतो. ही साठवण उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत वाढू देण्याची मूळ सेटिंग असते. मोकळी मेमरी ६० जीबी असेल तर ही साठवण १२ जीबीपर्यंत जाते. डिस्क सेकंदाला १०० एमबीने ते उतरवायला बसली तर दोन मिनिटं तिच्यातच जातात. अशा मशीनवर टक्केवारीऐवजी थेट बाइट्समध्ये मर्यादा द्या: पार्श्वभूमीतलं लेखन २५६ एमबीला सुरू आणि कमाल मर्यादा १ जीबी, इथून सुरुवात करून मोजत जा.

जागा किती उरली आहे आणि आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपत आले आहेत का, हे डीएफच्या दोन रूपांनी एका मिनिटात कळतं. तेही बघून घ्या.

डिस्क आजारी वाटली तर

आता कर्नल काय म्हणतो ते ऐका. डीमेसेज वेळेसकट वाचा आणि संशयित डिस्कच्या नावाने शोधा. आय/ओ एरर, लिंक रिसेट केल्याच्या नोंदी, सॅटाचा वेग ६ गिगाबिटवरून ३ किंवा १.५वर उतरल्याची नोंद, यातलं काहीही दिसलं तर ओझ्याचा विषय बाजूला ठेवा.

मग स्मार्टसीटीएलने डिस्कची स्वतःची नोंदवही, म्हणजे स्मार्ट, काढा. वर "पास्ड" असं मोठ्या अक्षरांत दिसेल, त्यावर समाधान मानू नका. जवळपास निकामी झालेल्या डिस्कही तिथे पास होतात. खालच्या तक्त्यात पुढचे क्रमांक बघा आणि त्यांच्या शेवटच्या स्तंभातली कच्ची किंमत वाचा.

क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेल्या सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या लहान तुकड्यांची, संख्या. १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. माझ्या मते मंदपणाच्या तपासात सगळ्यात बोलका आकडा हाच. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत सापडलेले न वाचता येणारे सेक्टर. १९७ वाढतो आहे आणि डिस्क रखडते आहे, एवढं दिसलं की मी बदलण्याचा निर्णय घेतो.

१९९चा अर्थ निराळा. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाहतुकीच्या चुका मोजतो, म्हणजे संशयित आहे केबल किंवा जोडणी. शंभर-दोनशे रुपयांची सॅटा केबल बदलून कित्येक "मेलेल्या" डिस्क पुन्हा कामाला लागल्या आहेत. हा आकडा शून्यावर परत येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, ते बघायचं. उलट सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ समोर कोटींचे आकडे दिसतात. त्यांची मांडणीच तशी आहे, घाबरू नका.

नोंदवही स्वच्छ असली म्हणजे डिस्क निरोगी, असंही नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही नव्हती. म्हणून आयओस्टॅटने डिस्ककडे बोट दाखवलं असेल तर स्वच्छ स्मार्टवर विसंबून तिला सोडू नका.

आमच्या त्या दुसऱ्या डिस्कवर १९७ समोर ६४ होते, १९९ शून्य. डीमेसेजमध्ये रेडच्या नोंदी होत्या: वाचनात चूक आली, दुरुस्त केली. एमडीस्टॅट मात्र दोन्ही डिस्क ठणठणीत असल्याचं सांगत होतं. असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. डिस्क एखादा सेक्टर वाचायला पुन्हापुन्हा प्रयत्न करते, त्यात कित्येक सेकंद जातात, शेवटी हार मानते. मग रेड तो तुकडा चांगल्या डिस्कवरून घेतो आणि खराब डिस्कवर पुन्हा लिहून टाकतो. डेटा शाबूत राहतो, म्हणून रेड त्या डिस्कला बाहेर काढत नाही. रेड मेलेली डिस्क ओळखतो. रेंगाळणारी डिस्क तुम्हालाच ओळखावी लागते.

या प्रयत्नांच्या वेळेलाही मर्यादा घालता येते. सर्व्हर आणि नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीच्या पेटीसाठी) बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात. डेस्कटॉपच्या डिस्क त्याहून कितीतरी जास्त वेळ झटत राहतात, आणि लिनक्स ३० सेकंदांनी कंटाळून लिंकच रिसेट करतो. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटी-ईआरसीची किंमत ७० आणि ७० अशी दिली की मर्यादा ७ सेकंद होते. डिस्कने ती स्वीकारली तर बूटच्या वेळी दर वेळी लागेल अशी सोय करा, कारण वीज गेल्यावर बऱ्याच डिस्क ती विसरतात.

डिस्क चांगली, ओझंही बेताचं, तरीही मंद

हार्डवेअर रेड कंट्रोलर असेल आणि वाचन ठीक पण लेखन एकाएकी कोसळलं असेल, तर सगळ्यात आधी कंट्रोलरची बॅटरी बघा. कंट्रोलर लेखन स्वतःच्या कॅशमध्ये घेऊन लगेच "झालं" म्हणतो, ते बॅटरीच्या जोरावर. बॅटरी दमली की तो राइट-बॅकवरून राइट-थ्रूवर जातो आणि प्रत्येक लेखन तबकडीपर्यंत जाईपर्यंत थांबतो. स्टोअरसीएलआयसारख्या कंट्रोलरच्या साधनात बॅटरीची स्थिती आणि सध्याची कॅश पद्धत दोन्ही दिसतात. बॅटरी खराब असतानाही जबरदस्तीने राइट-बॅक ठेवायची सोय असते, ती वापरू नका. यूपीएस आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण पॉवर सप्लाय जळाला तर यूपीएस काय करणार? बॅटरी बदला.

नवीनच डिस्क घेतली आणि लेखन थोडा वेळ वेगात होऊन मग पार बसत असेल, तर ती एसएमआर प्रकारची आहे का ते मॉडेल क्रमांकावरून तपासा. या डिस्कमध्ये मार्ग कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक तुकडा बदलायचा तर शेजारचा मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्या "रेड" (म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं आणि नंतर जुन्या पद्धतीच्या डिस्कना रेड प्लस हे नाव दिलं. सर्व्हरच्या रेडमध्ये एसएमआर डिस्क घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रिबिल्डच्या वेळी ती घात करते.

जुन्या मशीनवरून हलवलेल्या पार्टिशनची सुरुवात ६३व्या सेक्टरला असेल, तर ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर प्रत्येक लेखन दोन सेक्टरांत पसरतं. सुरुवात २०४८ला हवी.

थरथर आणि उष्णता यांना लोक कारण मानत नाहीत, पण मानायला हवं. २००८मध्ये सन कंपनीचे ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कसमोर जोरात ओरडले आणि त्याच क्षणी उत्तराचा वेळ उसळला, हे त्यांनी आलेखावर दाखवलं. २०१६मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅसच्या चाचणीतल्या प्रचंड आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद पडल्या. आपल्याकडे सर्व्हर जिन्याखाली, जनरेटरच्या भिंतीला लागून किंवा खडखडणाऱ्या पंख्याच्या कॅबिनेटमध्ये असतो. मे महिन्यात रात्री एसी बंद केला की ती खोली तापते. स्मार्टमधल्या १९४ क्रमांकावर तापमान बघा, बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते. ४५च्या वर सतत राहत असेल तर मी जागा बदलायला सांगतो.

चाचणी घ्यायचीच असेल तर

डीडीने मोठी फाइल लिहून वेग मोजू नका, कॅशमुळे खोटा आकडा येतो. एफआयओ वापरा, डायरेक्ट पर्याय १ ठेवा, ४ केबीचं विखुरलेलं वाचन, एकच विनंती एका वेळी, ६० सेकंद. निरोगी ७२०० आरपीएमची डिस्क ७५-८०च्या आसपास देईल. २०-२५च मिळाले तर निदान पक्कं. चाचणी फक्त वाचनाची आणि कामाच्या वेळेबाहेर. एफआयओला लेखनाच्या चाचणीसाठी थेट डिस्कचं नाव दिलं तर तो विचारल्याशिवाय सगळा डेटा पुसून टाकतो.

सलग वाचनात डिस्कच्या शेवटच्या भागात वेग निम्म्यावर आला तर तो बिघाड नाही. आतल्या मार्गांची लांबीच कमी असते.

डिस्क बदलताना

रेड १मधली आजारी डिस्क काढण्याआधी दुसरी डिस्क खरोखर निरोगी आहे, तिचं स्मार्ट स्वच्छ आहे आणि तिच्यावर बूटलोडर (मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आहे, या तीन गोष्टी बघा. तिसरी गोष्ट विसरल्यामुळे डिस्क बदलल्यावर सर्व्हर उठलाच नाही, असे प्रसंग येतात.

मग आजारी डिस्कचा सीरियल नंबर स्मार्टसीटीएलमधून कागदावर लिहून घ्या. "दुसरी डिस्क" म्हणजे खालची, असं कधीही गृहीत धरू नका. चुकून चांगली डिस्क उपसली, तर हातात उरते ती मरणारी. शक्य असेल तर मशीन बंद करून लेबल जुळवा.

सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमने आजारी डिस्क आधी फेल म्हणून नोंदवा, मग काढा. पतसंस्थेत फेल केल्याबरोबर, नवीन डिस्क यायच्या आधीच, काउंटरवरचं काम सुरळीत झालं. निदान बरोबर असल्याचा तो पुरावा होता. पण त्या काळात सगळा डेटा एकाच डिस्कवर असतो, म्हणून दर दोन तासांनी डेटाबेसचा डंप बाहेर काढत राहिलो.

नवीन डिस्क निदान तेवढ्याच आकाराची हवी, एसएमआर नको, आणि शक्यतो जुनीबरोबर एकाच दिवशी विकत घेतलेली नको. पार्टिशनचा तक्ता चांगल्या डिस्कवरून नवीन डिस्कवर उतरवा. उलट दिशेने उतरवलात तर चांगल्या डिस्कचा तक्ता पुसला जाईल, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही नावं मोठ्याने वाचा. मग डिस्क रेडमध्ये जोडा आणि बूटलोडर तिच्यावरही टाका. ४ टीबीला सेकंदाला १५० एमबी धरले तर रिबिल्ड साडेसात तासांचा. आम्ही संध्याकाळी सात वाजता सुरू केला, पहाटे पूर्ण झाला.

पुढच्या वेळी लवकर कळावं म्हणून

सिसस्टॅट बसवलं की दर १० मिनिटांची नोंद ठेवता येते. डेबियन आणि उबंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती मुद्दाम चालू करावी लागते. मग सार डॅश डीने गेल्या आठवड्यातला अवेट काढून आजच्याशी ताडता येतो. सगळं ठीक चालू असतानाचे आकडे जवळ नसतील, तर आजचे आकडे वाईट आहेत हे कळणार कसं?

डिस्कच्या स्मार्टवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीला रोज छोटी आणि आठवड्यातून एकदा लांब तपासणी लावा, आणि ईमेल खरंच येतो ना, ते चाचणीचा संदेश पाठवून बघा. पतसंस्थेत १९७चा आकडा वाढू लागल्याचे ईमेल सर्व्हरच्या आतल्या रूटच्या पेटीत तीन आठवडे पडून होते. आता ते तिथल्या मुलाच्या मोबाइलवर जातात, आणि कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि निरोगी असतानाचा अवेट लिहिलेला आहे: १२ मिलिसेकंद.